कड्यावरची गोगलगाय

गरीब, मुकाट, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत अशा माणसाला आपल्या भाषेंत गोगलगाय म्हणतात. आणि तोच माणूस आंतून पक्का निघाला, कीं ‘गोगलगाय अन् पोटांत पाय’ असें म्हणून लोक मोकळे होतात. या म्हणींत निंदा कोणाची आहे तें असो. शरीररचनेच्या दृष्टीनें ती अगदीं बिनचूक आहे. या प्राण्याला चालण्यासाठीं निराळा पाय नाहीं. पोटाचा खालचा मांसल भाग हाच त्याचा पाय, आणि युरोपीय शास्त्रज्ञांनीं ग्रीक शब्द जुळवून या सबंध वर्गाला जें नांव दिलें, त्याचाही अर्थ पोटानें चालणारे असाच होतो. ग्रीक जाणणाऱ्या पंडितांना जें सुचलें, तें आमच्या आजीबायांनीं परसांतल्या अळवाखालीं केव्हांच पाहून ठेवलें होतें. एवढें निरीक्षण करून मात्र आमची जिज्ञासा थांबली. पूजेचा शंख आम्ही ओळखतों, कोकणांतील मंडळी कालवें आणि तिसऱ्या ओळखतात, कवड्या खेळांत सांपडतात. बाकीचें सारें शंखशिंपल्यांचें जग आम्हांस ‘किडे’ या एका शब्दांत मावतें.

ज्या गोगलगायीविषयीं येथें लिहावयाचें आहे ती परसांतली नव्हे आणि समुद्रांतलीही नव्हे. सह्याद्रीच्या कड्यांवर, धबधब्यांच्या तुषारांनीं व झिरपत्या पाण्यानें ओल्या राहणाऱ्या कातळाला चिकटून ती राहते. आकारानें करंगळीच्या नखाहून फारशी मोठी नाहीं. रंग खडकाशीं मिळता. चाल तर गोगलगायीचीच. विल्यम ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञानें १८६३ मध्यें तिच्या एका जातीला ‘सिहाद्रेन्सिस’ असें नांव दिलें. इंग्रजी कानांनीं ऐकलेला हा आपला सह्याद्रि होय. पुढें १८६९ मध्यें त्यानें या सबंध गणाला क्रेम्नोकाँकस हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत क्रेम्नोस म्हणजे कडा आणि काँकस म्हणजे शंख. तेव्हां आम्ही तिला कड्यावरची गोगलगाय म्हटलें तर शास्त्राचाही अवमान होणार नाहीं.

तिचें कूळ पाहूं गेल्यास नवल आणखी वाढतें. तिचे भाऊबंद सारे समुद्रकांठचे. रत्नागिरीच्या बाजूस खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं गेलें, तर भरतीच्या रेषेजवळ, जेथें लाट क्वचित् पोंचते पण तिचे शिंतोडे नेहमीं पोंचतात, तेथें कातळाला चिकटलेले मण्यांएवढे शंख दिसतात. धड पाण्यांत नाहीं, धड कोरड्यांत नाहीं, अशा उंबरठ्यावर राहण्याची त्या कुळाची रीतच आहे. जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांवर पसरलेल्या त्या मोठ्या कुळांतून गोड्या पाण्यांत येऊन स्थायिक झालें तें हें एकच घराणें, आणि तें सह्याद्रीवांचून पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेंही नाहीं. समुद्र सोडला, मीठ सोडलें, पण उंबरठा सोडला नाहीं. धबधब्याशेजारचा ओला कातळ म्हणजे तिच्या पूर्वजांची ती भरतीची रेषाच, डोंगरावर नेऊन ठेवलेली. समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० ते १४०० मीटर उंचीपर्यंत ही समुद्राची लेक संसार करून आहे. तिची जीभ म्हणजे सूक्ष्म दांतांची एक पट्टी. त्या पट्टीनें ती कातळावरचें शेवाळ खरवडून खाते. शंखाच्या तोंडाला झांकण आहे. पाऊस सरून कडा वाळूं लागला, कीं ती खडकाच्या भेगेंत सरकते, झांकण लावून घेते आणि पुढच्या मृगापर्यंत गप्प राहते. घाटांत उन्हाळ्यांत जाणाऱ्याला तो काळा कडा निर्जीव वाटतो; तो तसा नसतो.

पुष्कळ वर्षें या गणांत मुंबईपुण्यापासून महाबळेश्वरपर्यंतच्या डोंगरांतल्या तीनच जाती धरल्या जात. लंडनच्या प्राकृतिक इतिहास संग्रहालयांतील आणि आपल्या देशांतील संशोधकांनीं मिळून २०१३ मध्यें सर्व गण नव्यानें तपासला, तेव्हां जातींची संख्या नऊ भरली. नव्या सहाही जाती कर्नाटकांतल्या. महाराष्ट्रांतल्या तीन आणि त्या सहा यांच्यामध्यें शेंकडों किलोमीटरांचें अंतर आहे. ज्या प्राण्याला एक घाट ओलांडून दुसऱ्या घाटांत जाणें साधत नाहीं, त्याची प्रत्येक शाखा आपापल्या पाण्यापाशीं एकटी पडून निराळी होते; कांहीं जाती तर मोजक्याच ठिकाणीं आढळल्या आहेत. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. एका सबंध जातीचें राष्ट्र, तिचा इतिहास, तिचें भविष्य, हें सारें पांचदहा कड्यांवरच्या, कांहीं हात रुंदीच्या ओल्या पट्ट्यांत सामावलें आहे. वाघाला जंगल लागतें. हिला एवढाच पट्टा लागतो. पण तो मात्र अगदीं तोच लागतो. पट्ट्याच्या आंतल्या बाजूस पाण्याचा लोट आहे, बाहेरच्या बाजूस कोरडा दगड आहे, आणि दोहोंपैकीं एकही तिच्या कामाचा नाहीं.

असा पट्टा नाहींसा करण्यास कोणा दुष्टाची गरज पडत नाहीं. धबधब्याच्या माथ्यावरचा झरा नळानें एखाद्या विश्रामगृहाकडे वळविला, कीं तुषार थांबतात. रस्ता रुंद करतांना पाझरणारा कडा सुरुंगानें उडवून त्यावर जाळी व सिमेंट बसविलें, कीं काम संपलें. पाहणाऱ्यांच्या सोयीसाठीं कातळावर पायऱ्या बांधल्या, कठडे ठोकले, वर भज्यांच्या गाड्या आल्या, खालच्या पाण्यांत साबण आला. या कामांत ज्यांनीं ज्यांनीं हात घातला त्यांपैकीं कोणालाही विचारावें. गोगलगाय मारावी असें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें. ती तेथें आहे हेंच मुळीं कोणास ठाऊक नव्हतें. मग येथें कांहीं अपराध घडला काय? ज्याचें अस्तित्व आम्हांस माहीत नाहीं, ज्याच्या नाहींसें होण्यानें आमचें कांहीं अडत नाहीं, आणि जें मरतांना ओरडतही नाहीं, त्याच्या बाबतींत आमचें कांहीं कर्तव्य आहे असें म्हणतां येईल काय? हाच आजचा प्रश्न.

अशा प्रसंगीं प्राण्यांचे कैवारी बहुधा एक ठराविक युक्तिवाद पुढें करतात. आज या जीवाचा उपयोग दिसत नसला तरी उद्यां त्यांतून एखादें औषध निघेल. किंवा ही सृष्टीच्या सांखळींतील एक कडी आहे, ती तुटली कीं सारी सांखळी तुटेल. ही वकिली आम्हांस रुचत नाहीं. औषध निघेलही, पण शंभर वर्षें शोधून तें निघालें नाहीं तर काय करावयाचें? उपयोगाच्या खुंटीवर ज्याचें जगणें टांगलें, त्याचें मरणेंही त्याच खुंटीवरून ठरणार. सांखळीचें म्हणावें तर सृष्टींत असे संबंध आहेत खरे, पण प्रत्येक कडीवर सारा भार असतो असें नाहीं. इमानानें बोलावयाचें तर कड्यावरच्या गोगलगायीची एखादी जात उद्यां गेली, म्हणून पुण्याच्या पेठेंत कोणाचा चहा थंड व्हावयाचा नाहीं. खोट्या भीतीवर उभारलेलें कर्तव्य, ती भीति खोटी ठरतांच कोसळतें.

दुसरें उत्तर आपल्या संस्कारांतून येतें, आणि तें अर्थात् अधिक थोर आहे: भूतदया. मुंग्यांना साखर घालणाऱ्या, तुळशीपाशीं पाण्याची वाटी ठेवणाऱ्या घरांतून आम्ही वाढलों आहों. संतांनीं जीवमात्राविषयीं जो कळवळा शिकविला, त्याला कमी लेखण्याची आमची इच्छा नाहीं. पण दयेचा स्वभाव नीट पाहिला पाहिजे. दया उपजते ती या किंवा त्या जीवाच्या दुःखानें. समोर तडफडणारें पांखरूं असलें कीं हात आपोआप पुढें होतो. कड्यावरच्या गोगलगायी तर आषाढांतल्या पुरांत निसर्गतःच वाहून जातात, कित्येकींना शत्रु खातात. तेथें दयेनें काय करावयाचें? आणि झरा आटल्यामुळें जेव्हां सबंध जात जाते, तेव्हां दुःखाचा असा एकही प्रसंग डोळ्यांपुढें येत नाहीं. कोणी कोणास मारीत नाहीं. एवढेंच होतें, कीं पुढच्या मृगाला भेगेंतून कोणी बाहेर पडत नाहीं. दयाळूंतला दयाळू माणूसही त्या कोरड्या कड्याखालून निश्चिंत मनानें निघून जाईल, आणि तो निर्दय होता असें आम्हांस म्हणतां यावयाचें नाहीं. दया जेथें पोंचत नाहीं अशी ही जागा आहे.

तेव्हां शोध निराळ्या दिशेनें केला पाहिजे, आणि त्याला आपली भाषाच साहाय्य करते. मराठींत माणसें भांडतांना ‘मर’ म्हणतात, ‘मसणांत जा’ म्हणतात. पण याहून भयंकर, तोंडांतून निघतांच ऐकणारे कानांवर हात ठेवतील असा एक शाप आहे: ‘तुझा निर्वंश होवो!’ मरण सर्वांनाच आहे. त्याचा शाप म्हणजे घडणारी गोष्ट लौकर घडो एवढेंच. निर्वंश ही मात्र निराळी वस्तु आहे. तींत जे मेले त्यांच्याबरोबर जे कधीं जन्मणार होते तेही गेले, आणि जे पूर्वीं होऊन गेले त्यांचें नांवही गेलें. आपल्या बायाबापड्यांना हा भेद पक्का ठाऊक होता. म्हणूनच तो शाप उच्चारणें त्या पाप मानीत. कोणी म्हणेल, माणसाच्या वंशाला नांव असतें, श्राद्ध असतें, घराण्याचा अभिमान असतो. गोगलगायीला यांतलें काय आहे? कांहीं नाहीं. तिला आपण क्रेम्नोकाँकस आहों याचाही पत्ता नाहीं. पण येथें प्रश्न तिच्या जाणिवेचा नसून आमच्या कृत्याचा आहे. मारणें आणि संपविणें हीं दोन कृत्यें आहेत. मारण्याची भरपाई सृष्टि पुढच्या पावसांत करते. संपविण्याची भरपाई कोणीच करूं शकत नाहीं: तो नळ बसविणारा करूं शकत नाहीं, सरकार करूं शकत नाहीं, आणि पुढें कितीही पश्चात्ताप झाला तरी आमचीं नातवंडेंही करूं शकणार नाहींत. लक्षावधि वर्षांचा एक धागा एका हंगामाच्या सोयीसाठीं तोडावयाचा असेल, तर पुराव्याचा भार कोणावर? ‘तुझा उपयोग काय तें सांग, नाहीं तर नीघ,’ असें गोगलगायीला विचारण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? उपयोग सिद्ध करण्याचें बंधन तिच्यावर नाहीं. गरज सिद्ध करण्याचें बंधन आमच्यावर आहे. आणि जितकें कृत्य न फिरणारें, तितकी गरज बळकट दाखविली पाहिजे.

येथवर आल्यावर कर्तव्य सोपें वाटूं लागतें, आणि तेथेंच धोका आहे; कारण कांहीं वेळां गरज खरोखरच बळकट असते. याचें एक उदाहरण अमेरिकेंतलें आहे. आयडाहो संस्थानाच्या नैर्ऋत्य भागांत ब्रूनो नांवाच्या नदीकांठीं उष्ण पाण्याचे झरे आहेत, आणि त्या झऱ्यांत जेमतेम तीन मिलिमीटरांची एक गोगलगाय राहते. तिला ऊन पाणीच लागतें; नदीच्या कांहीं मैलांच्या पट्ट्याबाहेर ती कोठेंही नाहीं. ज्या भूगर्भांतल्या साठ्यांतून ते झरे फुटतात, त्याच साठ्यांतलें पाणी आसपासचे शेतकरी पंपांनीं उपसून पिकांना देतात. उपसा वाढला तशी साठ्याची पातळी उतरली, आणि एकेकाळीं भरभरून वाहणारा तेथला मुख्य झरा उन्हाळ्यांत कोरडा पडूं लागला. १९९३ च्या जानेवारींत सरकारनें ही जात संकटग्रस्त म्हणून संरक्षित केली. शेतकऱ्यांची संघटना न्यायालयांत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस खालच्या न्यायालयानें तें संरक्षण रद्द केलें. १९९५ मध्यें वरच्या न्यायालयानें तें पुन्हां जागेवर आणलें, पण भूजलाचा एक महत्त्वाचा अहवाल लोकांच्या टीकेसाठीं खुला केला नव्हता हा दोष सरकारच्या पदरांत घातला, व तो विषय फिरून लोकांपुढें ठेवावयास लाविला. १९९८ मध्यें सारें पुन्हां तपासून संरक्षण कायम झालें.

या खटल्याची थट्टा करणें सोपें आहे. एका बाजूला राबणारा शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला मोहरीएवढी गोगलगाय! आम्हांस मात्र त्यांत थट्टेसारखें कांहीं दिसत नाहीं. शेतकऱ्याचें म्हणणें खोटें नव्हतें; त्याचें कर्ज खरें, पीक खरें, मुलें खरीं. आणि न्यायालयानें सरकारला जें सुनावलें तेंही योग्यच होतें: ज्याच्याकडून त्याग मागावयाचा, त्याला कारण उघड दाखवावें लागतें. आम्ही वर जो पुराव्याचा भार म्हटला, तो दोन्हीं बाजूंनीं वाहावा लागतो, हें त्या निकालावरून शिकण्यासारखें आहे.

आतां आपल्या घाटांकडे वळूं. सह्याद्रीचें पाणी कामाला लावण्याचा इतिहास जुना आहे. १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईला मिळूं लागली. १९२१ मध्यें मुळशीच्या खोऱ्यांत सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला, कारण धरणाखालीं त्यांचीं गांवें आणि भाताचीं खाचरें जाणार होतीं. धरण झालें. दक्षिणेस शरावतीवर १९४८ मध्यें वीज निघूं लागली, १९६४ मध्यें लिंगनमक्कीचें मोठें धरण पुरें झालें, आणि पावसाळ्याबाहेर जोगच्या प्रपाताचें रूप पूर्वीचें राहिलें नाहीं. हा लेख ज्या दिव्याखालीं लिहिला जात आहे व ज्या दिव्याखालीं वाचला जाईल, त्या दिव्यांना हें पाणी परकें नाहीं. जेथें माणसांनाही धड कोणी विचारलें नाहीं, तेथें गोगलगायीला कोण विचारणार, असा प्रश्न कोणी कडवटपणें केला तर त्याला रागावतां येत नाहीं. उलट, त्या प्रश्नांत एक इशारा आहे. सृष्टीचें रक्षण करण्याची हांक शहरांतून निघावी आणि तिचा खर्च डोंगरांतल्या माणसानें भरावा, अशी वहिवाट पडत चालली आहे. लांकूडफांटा आणणाऱ्या बाईला अडवावयाचें, धनगराच्या म्हशींना अडवावयाचें, आणि आपण मोटारींतून उतरून धबधब्याखालीं उभें राहून छायाचित्रें काढावयाचीं! पंप ज्याच्या मालकीचा नाहीं, त्यानें पंप बंद करण्याचा उपदेश करणें ही सर्वांत स्वस्त नीति होय.

म्हणून गरजांची पायरी लावली पाहिजे. वाडीवरच्या माणसांना प्यावयाचें पाणी लागतें. तें झऱ्यावरून घेतलें तर आम्ही तोंडही उघडणार नाहीं. शेताचें पाणी त्याच्या खालोखाल. तेथें वाद होईल, तडजोड होईल. विजेचा प्रश्न आणखी खालीं, कारण तिला आतां दुसरेही मार्ग आहेत. आणि सर्वांत खालच्या पायरीवर आमची मौज. सह्याद्रींतल्या कड्यांवर आज जें सिमेंट चढत आहे, जे झरे तरणतलावांकडे वळत आहेत, त्यांतला मोठा भाग या शेवटच्या पायरीवरचा आहे. येथें आयडाहोच्या शेतकऱ्यासारखा प्रतिवादी नाहीं. येथें प्रतिवादी आम्हीच: शनिवारीं निघून रविवारीं परतणारे, सुशिक्षित, निसर्गप्रेमी. आणि आमच्या बाजूनें पुरावा म्हणून न्यायालयांत ठेवण्यासारखें कांहींही नाहीं.

अशा जागा राखतां येतात याचें उदाहरण दूर जाऊन शोधावयास नको. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे. गुहेंतून पाणी येतें, पुढें देऊळ व कुंड आहे. त्या पाण्यांतल्या एका लहानशा माशाला २०२० मध्यें शास्त्रीय नांव मिळालें, आणि २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें ती सुमारें दोन हेक्टरांची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शासनाचें अभिनंदन करावें तेवढें थोडें. परंतु मासा शास्त्रज्ञांच्या हातीं लागेपर्यंत तो तेथें जिवंत राहिला होता, तें श्रेय शासनाचें नव्हे. देवाचें पाणी विटाळूं नये, एवढ्या एका समजुतीनें तें पिढ्यान्‌पिढ्या राखलें. माशाचें नांव ठाऊक नसतां मासा वांचला. तीच भक्ति हातांत पैसा खेळूं लागला म्हणजे काय करते, हेंही आम्ही पाहतों: कुंडाच्या जुन्या दगडांवर चकचकीत फरशी येते, कडेच्या शेवाळाला केर समजून तें घांसलें जातें, आणि उगमाच्या तोंडावर देणगीदारांच्या नांवांचा संगमरवर बसतो.

कड्यावरच्या गोगलगायीपाशीं देऊळ नाहीं, आणि ती दोन हेक्टरांचेंही मागणें करीत नाहीं. एखाद्या धबधब्यापाशीं पायऱ्या किंवा कठडा बांधावयाचें ठरलें, तर गवंडी लावण्यापूर्वीं पावसाळ्यांतली एक सकाळ जाणत्या माणसाला भिंग देऊन त्या कातळापाशीं उभें करावें. उन्हाळ्यांत पाहून चालणार नाहीं. तेव्हां ती भेगेंत असते. ती तेथें निघालीच, तर पायरस्ता वीस हात बाजूला घ्यावा आणि माथ्यावरच्या झऱ्याला नळ लावूं नये. पाणी जरा दुरून दिसेल, अंगावर तुषार येणार नाहींत, आणि बांधकामाला खर्च थोडा अधिक येईल. तो गांवच्या ग्रामपंचायतीवर न घालतां पाहावयास येणाऱ्यांच्या तिकिटांत घालावा.